चौथ्या पटावरची जागा

आवडी, चेन्नई, सोमवार सकाळ

प्रिय कीर्तना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी दवाखाना आठवेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, तब्येत बरी आहे. गोळ्या वेळेवर घेतो. फोन असताना पत्र कशाला, हेही तुझ्या मनात येईल. फोनवर आपण तमिळमध्ये बोलतो, आणि त्यात आपल्याला कामापुरतंच बोलायची सवय लागली आहे. सिलिंडर आला का, पाऊस पडला का, आईच्या तिथीला कोणाला बोलावलंय. आठ-नऊ मिनिटांत सगळं संपतं. मराठी आपल्या घरात तुझ्या आईची. हिंदीच्या परीक्षा देता देता ती देवनागरी शिकली आणि मग तिने आपल्या दोघांनाही शेजारी बसवून गिरवायला लावलं. आपली तंजावरी मराठी ऐकून महाराष्ट्रातल्या लोकांना हसू येतं, पण लिहिताना ती मला शुद्धच लिहायला लावायची. ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी मराठी बोललो ती फक्त देवापुढे. त्यामुळे या पत्रात कुठे अडखळलो तर सांभाळून घे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. गेलं वर्षभर मी बुद्धिबळ खेळतो.

तुझ्यापासून लपवायचं असं नव्हतं, पण रविवारच्या फोनवर दर वेळी जिभेवर यायचं आणि मी परत सिलिंडरवर जायचो. सुरुवात अशी झाली. निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात मी उडदाची डाळ मागायला गेलो आणि घशातून आवाजच निघाला नाही. दुकानदार म्हणाला, "सार, बरं नाही का?" मी खाकरलो, डाळ घेतली, आणि परत येताना लक्षात आलं की आदल्या दिवशी सकाळपासून मी एक शब्दही बोललो नव्हतो. कारखान्यात अडतीस वर्षं मशीनच्या आवाजावर ओरडून बोलण्यात गेली, आणि आता ही गत. वाचनालयाच्या जिन्यापाशी बुद्धिबळ क्लबची पाटी होती. ती मी पूर्वीही हजारदा पाहिली असेल. त्या दिवशी डाळीची पिशवी घेऊनच वर गेलो.

तुला हे वाचून काय वाटेल याचा मी अंदाज करतो आहे. नऊ वर्षं ज्याने तुझ्या प्रत्येक डावावर लाल शाईने शेरे लिहिले, त्या माणसाला स्वतःला खेळता येत नव्हतं. सोंगट्या कशा चालतात एवढं ठाऊक होतं. बाकी सगळं मी संगणकाला विचारायचो आणि तो दाखवेल ते तुझ्या वहीत उतरवायचो, जणू माझंच डोकं. तुला ते कळत असणार. तू कधी बोलली नाहीस.

क्लबमध्ये पहिले तीन महिने मी सगळ्यांशी हरलो. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं जमतात. बँकेतून निवृत्त झालेले, दोन शिक्षिका, एक रेल्वेचा गार्ड. पद्मनाभ म्हणून एक आहेत, त्यांचं औषधांचं दुकान आहे. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. खेळताना तोंडात वेलदोडा असतो आणि समोरचा विचारात असला की हे छताकडे बघत बसतात. मला पहिल्या दिवशी त्यांनीच बसवून घेतलं. हरल्यावर प्रत्येक वेळी सोंगट्या मागे नेऊन दाखवायचे, "इथे तुमचा घोडा इकडे आला असता तर मी अडचणीत होतो." त्यांचं ऐकून ऐकून मी जरा खेळायला लागलो. आता तिथे मला कोणी हसत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या क्लबचा संघ बाहेरगावी सामना खेळायला जाणार आहे. चार पट, म्हणजे चार खेळाडू. तीन नावं ठरलेलीच होती. चौथ्या पटासाठी सात रविवार स्पर्धा ठेवली. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी सकाळी चारला उठून अभ्यास करायचो, या वयात. सहा फेऱ्यांनंतर पद्मनाभ माझ्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होते आणि शेवटच्या फेरीत आमचीच गाठ पडली. त्यांना बरोबरी पुरत होती. मला जिंकायलाच हवं होतं.

तो डाव काल झाला.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. दोघांना दीड-दीड तास. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि त्यांनी त्यांचा नेहमीचा बचाव लावला, ज्यात त्यांचा स्वतःचाच एक उंट बराच वेळ कोंडून पडतो. मी त्या उंटावरच नजर ठेवून होतो. त्याला बाहेर यायला मिळू नये म्हणून प्यादी पुढे रेटली. सतराव्या खेळीला ते घाईत चुकले आणि एक प्यादं माझ्या हाती आलं. मग वजीर गेले, घोडे-उंट गेले. अठ्ठाविसाव्या खेळीला आणखी एक प्यादं. आता पटावर दोघांचे राजे, एकेक हत्ती, आणि माझी दोन प्यादी जास्त. त्यांनी तिसाव्या खेळीनंतर हळूच विचारलं, "सार, बरोबरी करायची?" मी मान हलवून नाही म्हटलं. कधी नव्हे ते माझ्याकडे कोणीतरी काही मागत होतं आणि मी नाही म्हणू शकत होतो. त्या वेळी फार बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

सदतिसाव्या खेळीला मी राजा एक घर पुढे टाकला.

त्या घरात जाताच माझा राजा आणि माझा हत्ती एकाच आडव्या रांगेत आले, मध्ये कोणी नाही. पद्मनाभांनी आपला हत्ती उजव्या कडेला आणून शह दिला. राजाला हलावंच लागणार, आणि तो हलला की पलीकडचा हत्ती फुकट जाणार. नुकतंच खेळायला शिकलेल्यालाही दिसेल अशी गोष्ट. माझ्याकडे घड्याळात अकरा मिनिटं होती. घाई नव्हती. मी सोंगटीवरून हात काढला, वहीत खेळी लिहिली, आणि मान वर करून पाहिलं तेव्हा ते छताकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, फार वाईट वाटल्यासारखे. शह देण्याआधी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी दिला. द्यायलाच हवा होता.

मी आणखी दहा-बारा खेळ्या खेळलो. कशासाठी ते माहीत नाही. मग घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "डाव तुमचा होता." तिथे उभ्या असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी सहज विचारलं, अगदी सहज, त्यांच्या मनात काही नव्हतं, "सार, एवढं कसं दिसलं नाही?"

कीर्तना, हे वाक्य तुला मी किती वेळा म्हटलं असेन. सात वर्षांची होतीस तेव्हापासून. हॉलच्या दारात, बसस्टॉपवर, जेवताना. एवढं कसं दिसलं नाही. तू काहीतरी उत्तर द्यायचा प्रयत्न करायचीस, नंतर नंतर तेही सोडलंस, आणि मला वाटायचं तू हट्टी आहेस, चूक कबूल करत नाहीस. काल माझ्याकडे त्या बाईंना द्यायला उत्तर नव्हतं. दिसलं नाही म्हणजे दिसलं नाही. त्याला पुढे काही नसतं.

मी तिथून उठलो आणि जिन्याखालच्या नळाकडे गेलो. तोंडावर पाणी मारलं. परत मारलं. नळ बंद केला आणि पुन्हा सुरू केला. तोंड धुवून झालं होतं, तहानही नव्हती, पण मला फाटकाबाहेर जायचं नव्हतं. आणि तसाच वाकलेला असताना एकदम आठवलं. तू हरलीस की आधी नळाकडे जायचीस. मी इतर आईबापांबरोबर पालकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभा असायचो, हातात तुझा दहीभाताचा डबा. जिंकलेली मुलं पळत यायची. तू यायची नाहीस, आणि मी ओळखायचो. मला वाटायचं, मुलीला तहान लागली आहे. आईला मी सांगायचो सुद्धा, हिला पाण्याची बाटली मोठी देत जा.

मग मी बाहेर आलो. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षावाला पेपर वाचत होता, आणि माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. घरी जाऊन सांगायचं तरी कोणाला. हे असं एकटेपण मला या चार वर्षांत रोज टोचलं आहे. पण काल, फाटकाच्या बाहेर पाय ठेवला तेव्हा, मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. कोणी नाही, बरं झालं. माझा चेहरा वाचायला कोणी नाही. आणि त्यानंतर मला इतकी लाज वाटली की मी तिथेच पायरीवर बसलो. बाहेर कोणी नसावं असं वाटणं म्हणजे काय ते मला बासष्टाव्या वर्षी कळलं. तुला ते दहाव्या वर्षीच कळलं असेल.

पद्मनाभ मागून आले. त्यांच्या पत्नी अंबुजा छत्री घेऊन समोरच्या झाडाखाली उभ्या होत्या. सात रविवार मी त्यांना तिथे पाहतो आहे. त्यांनी नवऱ्याला पाहिलं आणि विचारलं, "काही खाल्लंत का?" पद्मनाभ म्हणाले, नाही, चल. दोघं चालू लागले. कोण जिंकलं ते त्यांनी विचारलं नाही. वळणापर्यंत तरी विचारलं नाही, तिथवर मी बघत होतो.

घरी येऊन मी लोखंडी कपाट उघडलं. तुझ्या वह्या आहेत सगळ्या, आईने वर्षं घालून बांधून ठेवल्या होत्या. सेलमची वही काढली. ती स्पर्धा तू विसरली नसशील. पंधरा वर्षांखालची, राज्याची. तू चौदाची होतीस. आठव्या फेरीत मदुरैच्या मुलीविरुद्ध तू जिंकत होतीस, त्या डावावर पुढची निवड ठरणार होती, आणि चौतिसाव्या खेळीला तू घोडा फुकट दिलास.

परतीच्या गाडीत मी तुझ्याशी बोललो नाही. सेलमपासून अरक्कोणमपर्यंत. जोलारपेट्टै स्टेशनवर वडे आले, मी दोन घेतले, एक कागदासकट तुझ्या शेजारी ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. अरक्कोणमला आपण आवडीला येणारी लोकल पकडली. तिथेही नाही. तू एकदाच बोललीस, "अप्पा, बॅग मी घेते." मी बॅग दिली नाही आणि उत्तरही दिलं नाही. घरी तीन दिवस मी तसाच होतो. चौथ्या दिवशी सकाळी आई कॉफीचा पेला माझ्यासमोर आपटून म्हणाली, "पोर एक डाव हरली आहे. तुम्ही सुतक कुणाचं पाळताय?" मग मी बोललो. काय बोललो ते मला आठवतं. मी तुला म्हटलं, त्या क्षणी तू बघत कुठे होतीस ते मला सांग. तू म्हणालीस, कुठे नाही.

वहीत तो डाव तू नंतर नीट उतरवला आहेस. तुझं तेव्हाचं गोल अक्षर. चौतिसाव्या खेळीखाली माझी लाल शाई आहे, दोन ठळक प्रश्नचिन्हं आणि "अक्षम्य". हा शब्द मी शब्दकोशातून शोधून लिहिला होता. काल मला त्याच्या शेजारी पेन्सिलची एक ओळ दिसली. इतकी फिकट की चष्मा लावून खिडकीशी नेऊन वाचावी लागली. "अप्पा मागच्या खिडकीत होते."

मी होतो. पालकांना तिकडे जायची मनाई होती. स्पर्धा ज्या शाळेत होती तिच्या मागच्या बाजूला विटांचा ढीग होता, त्यावर चढलं की गजांमधून तुझा पट दिसायचा. मी वीस मिनिटं तिथे उभा होतो. तुझं लक्ष पटावर आहे आणि मी तुला दिसत नाही, अशी माझी खात्री होती. तू त्या खेळीआधी एकदा मान वर केली होतीस, तेही मला आठवतं. मी हाताने खूण केली होती, पटाकडे बघ म्हणून.

"कुठे बघत होतीस" म्हणून मी विचारलं आणि तू "कुठे नाही" म्हणालीस. सोळा वर्षं झाली. आईला तू सांगितलं असशील का, तिने ही ओळ वाचली असेल का, हे आता विचारायला कोणी नाही. मला मात्र तू कधी सांगितलं नाहीस. तू मला वाचवलंस की तुला माझी भीती वाटत होती, यातलं खरं काय, हे काल दुपारपासून माझ्या डोक्यात फिरतं आहे. दोन्ही खरं असेल. दोन वर्षांनी तू पुढच्या स्पर्धेचा फॉर्म माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "माझं नाव देऊ नका, अप्पा." मी तेव्हाही गप्प राहिलो आणि फॉर्म खिशात घातला. मला वाटलं, गप्प राहिलो म्हणजे मी रागावलो नाही. तुला ते कसं ऐकू गेलं असेल ते मी आज समजू शकतो.

माझं चुकलं, कीर्तना. खिडकीत उभा राहिलो ते चुकलं, गाडीतलं चुकलं, त्या वहीतला शब्द चुकला. तो शब्द मी खोडलेला नाही, कारण खोडला तर मी तो लिहिला नव्हता असं होईल. तुझी ओळही तशीच आहे.

आता एवढंच राहिलं की हे पत्र आजच का. आमचा संघ पुढच्या महिन्यात जाणार आहे तो म्हैसूरला. सामना जिथे आहे ते ठिकाण तू काम करतेस त्या प्रयोगशाळेपासून चार किलोमीटरवर आहे, मी नकाशात पाहिलं. चौथा पट मला त्यासाठी हवा होता. मी मनात सगळं ठरवलं होतं. सामना संपल्यावर तुला फोन करायचा आणि सहज बोलल्यासारखं म्हणायचं, अगं, खेळायला आलो होतो इकडे, तुला वेळ असेल तर भेटू. म्हणजे तुला वेळ नसला तरी माझं काही अडलं नाही असं दिसलं असतं. काल सदतिसाव्या खेळीला राजा पुढे टाकला तेव्हा मी पटावर नव्हतो, मी तुला फोन करत होतो. ती जागा आता पद्मनाभांची आहे आणि माझ्याकडे म्हैसूरला यायला दुसरं काही कारण नाही. म्हणून सरळ विचारतो. आई गेल्यावर तू तेरा दिवस राहून गेलीस, त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही. मी तुझ्याकडे येऊ का? दोन दिवस, किंवा एकच दिवस, तू सांगशील तेवढा. उत्तर लिहिण्याची घाई करू नकोस. नको वाटलं तर तसं स्पष्ट लिही. मी गप्प बसणार नाही, तुझ्या नकाराच्या पत्रालाही उत्तर लिहीन, आणि रविवारी नेहमीच्या वेळी फोन करेन.

तुझाच,
अप्पा